विजेचा पंखा आणि तापलेले इंजिन

अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या गृहनिर्मित विमानाचे पहिले उड्डाण १९७९ साली झाले. हौशी माणसाने आपल्या मोटारखान्यात बांधावे, असे हे विमान. त्याचे इंजिन व प्रॉपेलर मागच्या बाजूस असतात. प्रॉपेलर पुढे असलेल्या विमानात, ते जमिनीवर उभे असतानाही, वाऱ्याचा झोत इंजिनाकडे येतो. लाँग-ईझीला तो लाभ नाही. धडाच्या पोटाशी असलेल्या मुखातून जेवढी हवा आत शिरेल, तेवढीच त्याची. उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत अशा विमानाला उन्हात थांबावे लागले आणि तापमापकाचा काटा चढू लागला, की मोटारगाडीत असतो तसा विजेचा पंखा बसवावा, हा विचार बांधणाऱ्याच्या मनात साहजिकच येतो.

विचार चुकीचा नाही. मात्र तो कोठवर पुरतो, हे थोडी आकडेमोड केल्यावाचून कळत नाही. सुमारे १०० अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन पूर्ण शक्तीने चालत आहे आणि त्याच्या सिलिंडरांवरील कंगोऱ्यांवरून दर सेकंदाला ३० किलोजूल उष्णता वाहून न्यावयाची आहे, असे धरू. जाता जाता हवा ६० अंश सेल्सिअसने तापू दिली, तर सेकंदाला अर्धा किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.४ घनमीटर हवा लागेल. कंगोऱ्यांच्या अरुंद फटींतून ती ढकलण्यास १,२०० पास्कल, म्हणजे १२ सेंटिमीटर उंचीच्या जलस्तंभाइतका दाब लागतो, असे मानू. ताशी १६० किलोमीटर वेगाने चढणाऱ्या विमानाला समोरची हवाच एवढा दाब पुरविते. (अगदी फुकट नव्हे, अवरोधाच्या रूपाने त्याचे मोल द्यावे लागते.) हेच काम पंख्याकडून करून घ्यावयाचे तर ४८० वॉट लागतील; पंखा व मोटर यांची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास १,२०० वॉट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअर! लहान विमानांत सर्रास आढळणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाचे अंगभूत जनित्र पूर्ण वेगाला सुमारे २५० वॉट वीज देते. दुसऱ्या महायुद्धातील फॉक-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानात इंजिनापुढे पंखा होता खरा. पण तो विजेवर नव्हे, दंतचक्रांमार्फत इंजिनाच्याच शक्तीवर फिरत असे.

जमिनीवरचा हिशेब मात्र वेगळा आहे. संथ चालणाऱ्या इंजिनाची उष्णता एक तृतीयांश धरली, तर हवाही एक तृतीयांश पुरते. दाब स्थूलमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तो नवव्या हिश्शावर येतो आणि शक्ती सत्ताविसाव्या हिश्शावर. १,२०० वॉटचे ४५ वॉट झाले! एवढे काम मोटारीचा साधा पंखा सहज करतो. इंजिन बंद केल्यावरही त्याचा उपयोग होतो. त्या वेळी कोंडलेली उष्णता इंधनाच्या नळ्यांत शिरून त्यांत बाष्प धरते व इंजिन पुन्हा सुरू होण्यास कुरकुर करते.

धोका आहे तो पुढेच. जमिनीवर काटा खाली आला म्हणून वैमानिक निश्चिंत होतो, आणि चढताना, नेमकी उष्णता सर्वाधिक असताना, पंखा निरुपयोगी ठरतो. इतकेच नव्हे, तर मार्गात उभी असलेली पाती प्रवाह अडवितात. लायकमिंगच्या अनेक इंजिनांत सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा २६० अंश आहे. तिच्या आसपास सतत चालविलेल्या इंजिनाचे आयुष्य घटते, आणि इंधन-हवेच्या मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट होऊ लागला, तर दट्ट्या निकामी होण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून पंखा मुख्य मार्गात न ठेवता बाजूच्या वेगळ्या नळीत बसवावा व तिच्या तोंडाशी, पंखा थांबताच आपोआप मिटणारी झडप ठेवावी, हे बरे.

त्याआधी पत्र्याचे आडपडदे तपासावयास हवेत. पडदा व आवरण यांमधील फटींतून निसटणारी हवा कंगोऱ्यांना शिवतच नाही. रबरी पट्टीने त्या बुजविल्या, की पुष्कळदा पंख्याची गरजच उरत नाही. बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल, तरी प्रवेशमुख वाढवून काही साधत नाही. पाणी भरलेली ‘यू’ आकाराची पारदर्शक नळी घेऊन तिचे एक टोक इंजिनाच्या वरच्या व दुसरे खालच्या कप्प्यात सोडावे. उड्डाणात दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतील फरक मोजला, की कंगोऱ्यांवर खरोखर किती दाब पडतो ते कळते. एवढे करूनही पंखा बसविलाच, तर त्याला स्वतंत्र फ्यूज व स्वतंत्र बटण असावे, म्हणजे जनित्र बंद पडल्यास त्याचा भार वैमानिकाला ताबडतोब तोडता येतो.