विकास योजना आणि तिला पूरक असे मार्गदर्शन

बांधकामाची परवानगी मागण्यासाठी नगरपालिकेच्या कार्यालयात जाणाऱ्या नागरिकाला अनेक कागदांचा उल्लेख ऐकू येतो. विकास योजनेचा नकाशा, तिचा अहवाल, विकास नियंत्रण नियमावली, शासनाचे निदेश आणि वेळोवेळी निघालेले खुलासे. यांपैकी कोणता कागद बंधनकारक आणि कोणता केवळ समजुतीसाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परिणामी हक्क असूनही तो मागितला जात नाही, किंवा नसलेल्या हक्काच्या भरवशावर घर उभे राहते आणि पुढे नोटीस येते. या कागदांचे परस्परांशी असलेले नाते समजावून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा प्रथम १९१५ साली झाला. त्याचा भर शहराच्या एखाद्या भागापुरत्या नगररचना परियोजनांवर होता. संपूर्ण शहराची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. आजही राज्यातील नियोजनाचा मूळ आधार हाच अधिनियम आहे.

विकास योजनेत निवासी, व्यापारी, औद्योगिक आदी वापरांचे विभाग ठरविले जातात. शाळा, दवाखाने, क्रीडांगणे, उद्याने, बाजार व रस्ते यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. वीस वर्षांतून किमान एकदा या योजनेचा फेरविचार व्हावा, अशी अधिनियमात तरतूद आहे.

नियमावलीचे स्थान

जमीन कशासाठी वापरावी, हे नकाशा सांगतो. त्या जमिनीवर कसे व किती बांधावे, हे नियमावली सांगते. इमारतीची उंची, सभोवार सोडावयाची मोकळी जागा, चटई क्षेत्र निर्देशांक, वाहनतळ आणि आगीपासून संरक्षण हे विषय तिच्यात येतात. अधिनियमाच्या कलम २२ नुसार अशा नियंत्रक तरतुदी हा विकास योजनेचाच भाग होय. म्हणून त्या नकाशाइतक्याच बंधनकारक असतात.

पूर्वी निरनिराळ्या शहरांच्या नियमावल्या निरनिराळ्या होत्या. एका शहरात चालणारी गोष्ट शेजारच्या शहरात चालत नसे. शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई महानगरपालिका, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा नगरपरिषद आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केलेले प्रदेश यांसारखी काही क्षेत्रे तिच्यातून वगळली आहेत. डोंगरउतारावरील वस्ती आणि सपाटीवरचे शहर यांना एकच माप लावता येत नाही, हे या अपवादांवरून लक्षात येते.

स्थानिक वैशिष्ट्यांसाठी विशेष नियम करण्याचे एक महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. तेथे १९९५ साली वारसा वास्तू व परिसर यांच्या जतनासाठी स्वतंत्र विनियम लागू झाले. वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी करण्यात आली, आणि अशा वास्तूत बदल करण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला घेण्याची पद्धत सुरू झाली.

खुलाशाची मर्यादा

नियम कितीही काळजीपूर्वक लिहिला, तरी प्रत्यक्षात शंका निघतातच. त्यासाठी खुलासे, परिपत्रके व मार्गदर्शक सूचना काढल्या जातात. कलम १५४ अन्वये शासन नियोजन प्राधिकरणाला निदेशही देऊ शकते, आणि त्यांचे पालन प्राधिकरणाला करावे लागते. परंतु नगरपालिकेने केवळ समजुतीसाठी काढलेल्या सूचनेचे काम नियमाचा अर्थ उलगडून दाखविण्याचे आहे. नवा नियम निर्माण करण्याचे नव्हे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या वस्तीत क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवली आहे. तेथे व्यापारी संकुल व्हावे, असे नगरपालिकेला वाटू लागले. हा बदल एखाद्या ठरावाने किंवा मार्गदर्शक सूचनेने करता येणार नाही. योजनेचे मूळ स्वरूप पालटत नसेल, तर कलम ३७ नुसार फेरबदलाची कार्यवाही करावी लागेल. तीत नोटीस प्रसिद्ध करणे, हरकती व सूचना मागविणे, बाधित व्यक्तींचे म्हणणे ऐकणे आणि शासनाची मंजुरी घेणे हे टप्पे येतात. या कार्यवाहीमुळेच वस्तीतील मुलांच्या मैदानाविषयी बोलण्याची संधी तेथील रहिवाशांना मिळते.

दुसरी बाजू जमीनमालकाची आहे. आरक्षण पडले, परंतु जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर त्याला ना बांधता येते, ना मोबदला मिळतो. यासाठी कलम १२७ आहे. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणावर नोटीस बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण व्यपगत होते. मालकाला यात न्याय आहे; मात्र नगरपालिका वेळीच जागी झाली नाही, तर वस्तीची बाग कायमची जाते. आरक्षणांची नोंदवही अद्ययावत ठेवणे म्हणूनच कारकुनी काम समजून टाळण्यासारखे नाही.

नागरिकांचा सहभाग

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत कोणाही व्यक्तीला लेखी हरकत वा सूचना देता येते. त्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. लोकांच्या हरकतींना किती वजन असू शकते, हे मुंबईत दिसून आले. तेथील प्रारूप योजनेवर २०१५ साली हरकतींचा पाऊस पडला आणि शासनाने ती नव्याने तयार करण्यास सांगितले. सुधारित योजनेला मंजुरी मिळाली ती २०१८ साली.

बांधकामाची परवानगी नाकारली गेली, तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. तेव्हा नकार तोंडी न घेता कारणांसह लेखी मागावा. कोणत्या नियमान्वये नकार दिला, हे त्यात नमूद असल्यास पुढचा मार्ग सुकर होतो.

नगरपालिकांनी आपल्या योजनेचा नकाशा, नियम आणि सूचना सोप्या मराठीत, सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात. सूचनेच्या आरंभीच ती कोणत्या नियमाच्या स्पष्टीकरणार्थ आहे, हे लिहावे. नागरिकांनीही भूखंड खरेदी करण्यापूर्वी त्याचा विभाग आणि त्यावरील आरक्षण यांची खातरजमा करून घ्यावी. योजना वीस वर्षांसाठी होत असते. तिची हरकतीची मुदत मात्र थोड्या दिवसांत संपते. ती वाया जाऊ न देणे हे प्रत्येक जागरूक नागरिकाचे कर्तव्य आहे.