होस्टेलवरच्या लेकीचा फोन



ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि शिरपूर-मालेगावकडच्या घरांना डॉक्टरकी हाकेच्या अंतरावर आली. अकोला, नागपूर, मुंबईच्या होस्टेलवर आपल्याकडच्या लेकी आधीपासून आहेतच. आज त्यांच्या आईवडिलांशी एका अवघड विषयावर बोलतो आहे : डॉक्टरांच्या आत्महत्या.

आपल्या देशात आत्महत्येने जाणाऱ्या दहा जणांत साधारण सात पुरुष असतात. डॉक्टरांमध्ये धोक्याचं गणित बदलतं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२४ मध्ये वीस देशांतले अभ्यास एकत्र मांडले. पुरुष डॉक्टरांमधलं प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास निघालं, स्त्री डॉक्टरांमधलं मात्र इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ७६ टक्क्यांनी जास्त. नव्या अभ्यासांत ही तफावत कमी झाली आहे, पण मिटलेली नाही. मुलांच्या पालकांनीही निर्धास्त राहू नये. त्यांच्यासारख्याच शिकलेल्या इतर पुरुषांशी तुलना केली, तर पुरुष डॉक्टरांचा धोकाही वाढलेला दिसतो.

असं का होतं, याला एक उत्तर नाही. निवासी डॉक्टरांची ड्युटी सलग बारा तासांहून जास्त नसावी, असं केंद्राने १९९२ मध्येच ठरवलं होतं. तरी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. हा भार मुलगा-मुलगी दोघांवरही पडतो. मुलीवर मात्र आणखी ओझी चढतात. रात्रपाळीत पाठ टेकायला सुरक्षित खोली नसते, पीजीची वर्षं नेमकी लग्नाची आणि बाळंतपणाची असतात आणि सुट्टीत घरी आली की स्वयंपाकघर तिची वाट पाहत असतं.

डॉ. पायल तडवी यांचं नाव आपण विसरता कामा नये. जळगावची ही आदिवासी मुलगी मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. सिनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, असा घरच्यांचा आरोप आहे. स्त्री असण्याच्या ताणात जात मिसळली की तो किती वाढतो, हे आकड्यांतून कळत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच, की लेक फोनवर "आता होत नाही" म्हणाली, तर "थोडं सहन कर, पुढे आयुष्य चांगलं आहे" असं म्हणू नका. हे वाक्य प्रेमापोटीच येतं, पण पुढच्या वेळी ती बोलणंच टाळते. ऐकून घ्या. झोप उडाली आहे का, जेवण सुटलं आहे का, फोन कमी झाले आहेत का, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी भाषा येते आहे का, याकडे लक्ष ठेवा. शंका आली तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का गं?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, तर तिला एकटं ठेवू नका. तुम्ही पोहोचेपर्यंत मैत्रिणीला सोबत बसवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. परीक्षा, हजेरी, जागा सोडल्याचा दंड, सगळं नंतर बघता येतं.

डॉक्टर स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून घेतात आणि आजार लपवतात. मुलगे तर जास्तच. नैराश्य हा आजार आहे आणि डॉक्टरलाही त्यासाठी दुसरा डॉक्टर लागतो, हे घरातूनच ऐकू आलं तर त्यांना बळ मिळतं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत बोलता येतं. आईवडीलही तिथे सल्ला घेऊ शकतात.

"उपचार घेतले तर लग्न कसं जमणार?" ही भीती मी पुष्कळ घरांत पाहतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. तेव्हा या भीतीपायी उपचार लांबवू नका.