जुन्या सिंथेसायझरचा विद्युत्पुरवठा

हार्मोनियमच्या भात्यास छिद्र पडलें म्हणजे सगळेच स्वर क्षीण होतात. अशा वेळीं शहाणा कारागीर एकेक सूर कानशीनें घासावयास घेत नाहीं. तो आधीं भाता पाहतो. विजेच्या स्पंदनांतून नाद निर्माण करणाऱ्या सिंथेसायझरलाही असाच एक भाता असतो. तो म्हणजे त्याचा विद्युत्पुरवठा.

रॉबर्ट मूग यांच्या अमेरिकेंतील कंपनीनें १९७० सालीं काढलेलें 'मिनीमूग' हें वाद्य उदाहरणादाखल घेऊं. घरांत येणारी वीज सारखी दिशा पालटीत असते. ट्रान्स्फॉर्मर तिचा दाब उतरवितो, डायोड तीस एकाच दिशेनें वाहावयास लावतात, मोठे कपॅसिटर तिच्यांतील लाटा बुजवितात, आणि शेवटीं रेग्युलेटर अधिक १० व उणे १० व्होल्ट असे दोन दाब स्थिर राखतो. एका व्होल्टास एक सप्तक असें या वाद्याचें प्रमाण; म्हणजे एक अर्धस्वर केवळ १/१२ व्होल्टाचा! ज्या दाबाच्या आधारें स्वर जुळविले तोच ढळला, तर सूर कसे टिकावे?

अनेक वर्षांनीं कपॅसिटरांतील द्रव आटतो व लाटा पुरत्या बुजत नाहींत. मग कोणतीही पट्टी दाबा, मागें एकच गुणगुण चालू राहते. आपल्याकडे विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात व प्रत्येकांतून दोन लाटा निघतात. म्हणून ही गुणगुण १०० कंपनांची असते. ती ५० चीच भरली, तर एखाद्या डायोडाचा अथवा बाहेरील जोडणीचा संशय घ्यावा. कान तयार असला म्हणजे येथें अर्धें काम होतें.

बाकीचें मल्टीमीटरनें. दोन्ही दाब मोजावे; नंतर त्याच ठिकाणीं आंदोलित दाब मोजावा, तो जवळजवळ शून्य असला पाहिजे. दाब कमी भरल्यास पुरवठा वाद्यापासून सोडवून पुन्हा मोजावा. आतां तो पूर्ववत् झाला, तर बहुधा पुढें कोठें तरी विजेला आडवाट सांपडली आहे. फ्यूज पुन्हापुन्हा जळत असेल, तर जाड तार घालूं नये. तो आपलें कामच करीत आहे.

मुलांनीं हें काम जाणत्या माणसावांचून मुळींच करूं नये. ट्रान्स्फॉर्मरच्या अलीकडे २३० व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत वीज सांठून राहते. अमेरिकेंत वापरलेलें वाद्य ११५ व्होल्टांवर बसविलेलें असल्यास, तें तसेंच आपल्या प्लगांत लावतांच जळण्याचा संभव आहे.

स्वर जुळविण्याचे आंतील स्क्रू मात्र पुरवठा निर्दोष होईपर्यंत कोणी फिरवूं नयेत. एकदां ते हलले म्हणजे मूळ जुळणी हातची जाते, व एका दोषाचे दहा होतात. दाब ठीक झाल्यावर वाद्य वीस मिनिटें तापूं द्यावें, आणि मग सूर ऐकावे. पुष्कळदां स्क्रूला हात लावण्याचें कारणच उरत नाहीं.