पाव काढला, पण पॅटीचं काय?

प्रश्न : मधुमेहामुळे कर्बोदकं कमी करायची आहेत. बर्गर पावाशिवाय मागवला तर चालेल का?

उत्तर : अमेरिकेत ही युक्ती बरीच चालते, कारण तिथली पॅटी बहुधा निव्वळ गोमांसाची. आपल्याकडची आलू टिक्की म्हणजे बटाटाच. चिकन पॅटीवरही अनेकदा ब्रेडक्रम्सचं आवरण असतं. पाव गेला तरी पिष्ट उरतंच. त्यापेक्षा तंदुरी चिकन किंवा पनीर टिक्का घ्या. एवढ्यानं पोट भरेल का, ही शंका रास्त आहे. पण प्रथिनं लवकर भूक लागू देत नाहीत. खरा चोर पेल्यात असतो: 300 मिलिलिटर साध्या कोलात सुमारे 30 ग्रॅम साखर! इन्सुलिन चालू असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. मात्रा तीच ठेवून कर्बोदकं घटवली, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.