गोळी सोडली तो दिवस

आमच्या वेळी खो-खोत आक्रमणाचा डाव नऊ मिनिटांचा असायचा. खो मिळाल्याशिवाय चौकोनातून उठायचं नाही, हा खेळाचा नियमच. 2014 च्या उन्हाळ्यात मला त्या नऊ मिनिटांची भीती वाटायला लागली. पोटात पीळ पडायचा. दात आवळून मी पाटीवर बसून राहायचे आणि खो मिळाला की समोरच्या धावकाऐवजी मैदानाच्या टोकाचं स्वच्छतागृह डोळ्यांपुढे यायचं. तिथे बहुतेक वेळा पाणी नसायचं.

संडासवाटे रक्त जात होतं. आधी थोडं, मग रोज. मी एकोणीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या संघात नुकतीच निवड झाली होती. हे सांगणार कुणाला? सर पुरुष होते, मैत्रिणींना किळस वाटेल असं वाटत होतं. आईला सांगितलं तेही अर्धंच. ती म्हणाली, "अगं, उष्णता झाली असेल, सोलापूरचा उन्हाळा आहे." बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.2 निघालं. मुलींना पाळीमुळे रक्त कमी असतंच, म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मूळव्याधीचं मलम झालं, आमांशाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले, मावशीने कुड्याच्या सालीचा काढा दिला. सगळ्यांनी मायेनेच केलं. पण रक्त पाळीचं नाही, संडासचं आहे, हे मी एकाही डॉक्टरला धड सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

शेवटी दुर्बिणीने आतडं तपासलं, तुकडा काढून पाहिला आणि आजाराला नाव मिळालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते, त्याला सूज येते, व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज वर सरकत जाते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि आमांश पुष्कळ आढळतात, त्यामुळे डॉक्टरांना आधी ते नाहीत ना हे पाहावं लागतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की दोन-तीन आठवडे रक्त किंवा शेम पडत असेल, रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागत असेल, तर अंदाजाने औषधं घेत बसू नका. पोटविकारतज्ज्ञ गाठा. किती वेळा होतं, रक्त किती जातं, कधीपासून जातं, हे कागदावर लिहून न्या. तोंडाने सांगताना लाज वाटते, कागदाला ती नसते.

खरी चूक मात्र मी निदानानंतर केली.

मेसालामाइनच्या गोळ्या, खालून घ्यायचं एनिमा औषध आणि काही आठवडे प्रेडनिसोलोन, असे उपचार सुरू झाले. दोन महिन्यांत रक्त थांबलं. मी पुन्हा सूर मारायला लागले, खांबावर गडी टिपायला लागले. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मैत्रिणींबरोबर मनसोक्त हिंडले. त्याच सुमारास कुणीतरी म्हणालं, "तू स्टिरॉइड घेतेस? डोपिंगमध्ये सापडशील." मी इतकी घाबरले की चौकशी न करता सगळीच औषधं बंद केली. प्रेडनिसोलोन तर डॉक्टरांनी आधीच हळूहळू कमी करून थांबवलं होतं. मी सोडलं ते मेसालामाइन, आणि उत्तेजकांच्या यादीत ते औषध नाहीच.

हे खेळाडूंनी नीट समजून घ्यावं. प्रेडनिसोलोनच्या गटातली स्टिरॉइड्स तोंडाने, इंजेक्शनने किंवा गुदमार्गे घेतली तर स्पर्धेच्या काळात ती बंदी असलेल्या औषधांत मोडतात. म्हणजे स्टिरॉइडचा एनिमाही त्यात आला, आणि नेमकं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. पण आजारासाठी ती गरजेची असतील तर परवानगीचा रीतसर मार्ग आहे. त्याला टीयूई म्हणतात. ज्या पातळीवर चाचणी होते तिथे खेळत असाल तर डॉक्टरांचे कागद आणि दुर्बीण तपासणीचा अहवाल जोडून 'नाडा'कडे, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे, अर्ज करायचा. औषध मनाने बंद करायचं नाही. काही आठवडे चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडणं तर जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

गोळ्या सोडल्यावर चार महिने काही झालं नाही. त्यामुळे माझा विश्वास आणखी वाढला. मग सरावात घोटा मुरगळला आणि मी आठवडाभर दुकानातून आणून डायक्लोफेनॅक घेतलं. या गटातल्या वेदनाशामकांनी काही रुग्णांचा आजार उसळतो, हे मला माहीत नव्हतं. नेमकं कशाने बिघडलं, गोळी सोडल्याने की घेतल्याने, हे आजही कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. मला वाटतं, दोन्हींनी. दिवसातून बारा वेळा रक्ताचे जुलाब, ताप, बसल्या जागी नाडी शंभरावर. त्या अवस्थेतही मी दोन दिवस घरी पडून होते, कारण निवड चाचणी तोंडावर आली होती. दवाखान्यात अकरा दिवस काढले, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप किंवा धडधड असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, हे मला तिथे कळलं.

खाटेवर पडल्यापडल्या मी दुसऱ्या खेळाडूंविषयी वाचलं. ब्रिटनचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याला 1992 मध्ये हाच आजार झाल्याचं कळलं. पुढे 1997 मध्ये मधुमेह झाला, तरी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने सलग पाचवं सुवर्ण घेतलं. पण मला जवळचा वाटला तो फुटबॉलपटू डॅरेन फ्लेचर. त्याने कित्येक महिने सहकाऱ्यांपासून आजार लपवला होता, खोटी कारणं दिली होती. डिसेंबर 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडने आजाराचं नाव जाहीर केलं. नंतर शस्त्रक्रिया झाली आणि तो परत मैदानात उतरला. खोटी कारणं मीही दिली होती. घरी पाहुणे, पाय दुखतोय, परीक्षा.

दवाखान्यातून सुटल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पोरी, आधी का नाही सांगितलंस? तुला दुसऱ्या तुकडीत पळवलं असतं, पहिली तुकडी बाद होईस्तोवर वेळ मिळाला असता." ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर मरत होते ती एका वाक्यात सुटली.

खाण्याबद्दल लोक फार सल्ले देतात. मीही शेंगाचटणी, भाकरी, दूध, सगळं सोडून एक्केचाळीस किलोवर आले होते. हा आजार बरा करणारा एकच एक आहार नाही. तो उसळलेला असताना मी मऊ भात आणि मुगाचं वरण खाते, शांत असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीही खाते. दुधाने मला त्रास होतो, दुसरीला होणारही नाही. उन्हाळी सरावाला मात्र ओआरएस हवंच. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. जुलाबाने आणि घामाने एकाच वेळी पाणी जातं तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही.

आता मी शाळेत खो-खो शिकवते. नव्या मैदानावर सामना असला की संघाआधी जाऊन स्वच्छतागृह आणि पाणी पाहून येते, सगळ्याच मुलींसाठी. मेसालामाइन रोज घेते, काहीही होत नसतानाही. आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षं झाली की कर्करोगाची चाहूल लवकर लागावी म्हणून ठरावीक अंतराने दुर्बीण तपासणी करावी लागते. किती अंतराने, ते आतड्याचा किती भाग सुजलेला आहे यावर डॉक्टर ठरवतात. माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. क्रीडाकक्षाच्या भिंतीवर संघाचं वेळापत्रक लावलंय. त्यात जिल्हा स्पर्धेच्या खालच्या ओळीत मी ती लिहून ठेवलीय, 'मॅडमची कोलोनोस्कोपी, सराव नाही' अशी.