रात्रीचं पाणी आणि जागता मेंदू



हंगाम सुरू झाला की आपल्याकडं रात्र काय आणि दिवस काय, सारखंच. एकीकडं तोडीची वाट बघायची, दुसरीकडं लागणीला पाणी. वीज रात्रपाळीची असली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, आणि सकाळी म्हशींच्या धारा काही चुकत नाहीत. "दोन रात्री जागलो, काही झालं नाही," असं आपण अभिमानानं सांगतो. मीही सांगत होतो. एकदा सलग तिसऱ्या रात्री पाणी पाजून पहाटे डेअरीला दूध घालायला मोटारसायकलवरून निघालो. पुढचं आठवतं ते एवढंच, की गाडी चरीत आणि दूध मातीत. डोळा लागल्याचं मात्र मुळीच आठवत नाही.

ते आठवत नाही, यातच सगळी गोम आहे. जागरण फार झालं की मेंदू आपल्याला न विचारता तीन-चार सेकंदांची झोप घेतो. कधी ती दहा-पंधरा सेकंदांचीही असते. डोळे उघडे असले तरी समोरचं दिसून उपयोग होत नाही. ताशी ३० किलोमीटरनं चाललेला ट्रॅक्टर चार सेकंदांत ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त जातो. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

हे होतं कसं? आपण जागे असतो तोवर मेंदूच्या पेशींभोवती अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते जितकं साचेल तितकी पेंग जास्त. झोपेत ते ओसरतं. चहा घेतला की त्यातलं कॅफिन या द्रव्याची जागा अडवून बसतं, साठा मात्र कमी करत नाही. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावलं म्हणून उसाच्या गाड्या यायच्या थांबतात का? बाहेर रांग वाढतच असते, आणि कुलूप निघालं की सगळ्या एकदम आत. चहाचा अंमल उतरल्यावर पेंग अशीच येते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर जागे, हिंडते-फिरते, पण जागरण वाढलं तसे त्यांच्या मेंदूतले काही पेशीगट मधूनमधून झोपेत गेल्यासारखे गप्प होत होते. अख्खा मेंदू झोपायच्या आधीच त्याचे तुकडे झोपू लागतात म्हणायचे! माणसात विचार करून निर्णय घेणारा कपाळामागचा भाग जागरणानं लवकर ढिला पडतो. म्हणून मोटर बंद केली की नाही याची आठवण राहत नाही, आणि ओल्या हातानं स्टार्टरला हात जातो.

ऑस्ट्रेलियात १९९७ साली जागरण आणि दारू यांची तुलना झाली. १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडला होता. २४ तासांनंतर तो १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीला गेला. आपल्याकडं वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पहाटे पाचला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री दहालाच भरतात, तेव्हा तर आपण पाण्याला निघतो. माळकरी माणसानंही हा हिशेब करावा.

आणखी एक. २००३ साली अमेरिकेत काही जणांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांची सावधानता पुरतं जागरण केलेल्या माणसाइतकी खालावली, पण त्यांना स्वतःला तेवढी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. "मला सवय आहे" या बोलण्यावर म्हणूनच विश्वास ठेवता येत नाही.

मग करायचं काय? पाणी तर पाजायलाच हवं. रात्रपाळी असेल त्या दिवशी दुपारी तास-दीड तास झोप काढावी. घरात दोघं असतील तर निम्मी-निम्मी रात्र वाटून घ्यावी. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात सुस्त असतं, त्या वेळी गाडी न चालवलेली बरी. पेंग आलीच तर बाजूला थांबून वीस मिनिटं झोपावं. मात्र उठल्या उठल्या पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात स्टिअरिंग किंवा स्टार्टर धरू नये. आणि वजनकाट्याच्या रांगेत नंबर लांब आहे म्हणून ट्रॉलीखाली कुणी अंथरूण टाकू नये. पुढची गाडी सरकली की मागचाही ट्रॅक्टर हलतो, आणि तो हलवणाराही रात्रभर जागलेलाच असतो.