नाव, कार्ड आणि वर्ग : ‘डी आउस्टर्नप्रिन्त्सेसिन’ या मूकपटातील तोतयेपणा

तोतयेपणा हा सुखात्मिकेचा जुना आधार आहे. सेवक स्वामीच्या रूपात वावरतो, घोटाळा माजतो आणि अखेरीस ओळख पटून ज्याचे त्याचे स्थान ज्याला त्याला परत मिळते. या व्यूहात वर्गव्यवस्था क्षणभर डळमळते. मोडत मात्र नाही. मोलिएरच्या ‘ले प्रेसिय्योझ रिदिक्यूल’ (१६५९) या प्रहसनात उमराव बनून आलेल्या नोकरांना त्यांचे धनी मारतात आणि त्यांच्या अंगावरील उंची कपडे उतरवून घेतात. एर्न्स्ट लुबिच (१८९२–१९४७) यांच्या ‘डी आउस्टर्नप्रिन्त्सेसिन’, म्हणजे ‘कालवांची राजकन्या’, या १९१९ च्या जर्मन मूकपटात हाच व्यूह निराळ्या शेवटाकडे जातो. तो तसा का जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक थोडक्यात असे : क्वेकर हा अमेरिकेतील कालवांचा धनाढ्य व्यापारी. बूटपॉलिशच्या व्यापाऱ्याच्या मुलीला उमराव नवरा मिळाल्याचे कळताच त्याची कन्या ओस्सी घरातील वस्तूंची मोडतोड करते. बाप तिला राजपुत्र मिळवून देण्याचे कबूल करतो. मध्यस्थ स्थळ सुचवतो ते प्रिन्स नुकीचे. हा राजपुत्र कफल्लक आहे. वधूची पाहणी करण्यासाठी तो सोबती आणि सेवक अशा दुहेरी नात्याने राहणाऱ्या योझेफला पाठवतो. ओस्सी त्यालाच राजपुत्र समजते आणि तडकाफडकी लग्न लावून घेते. पुढे मद्यपानविरोधी श्रीमंत कन्यांच्या मंडळात नशेत आलेल्या खऱ्या नुकीवर तिचे मन जडते. तेव्हा योझेफ हसत हसत उलगडा करतो : आपण लग्न लावले ते नुकीच्या नावाने, त्यामुळे ही दोघे आधीच पती-पत्नी आहेत.

येथे माध्यमाचा विचार महत्त्वाचा ठरतो. नाटकात वर्ग प्रथम भाषेतून ओळखू येतो. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, सेवक प्राकृत. तोतयाला वेष बदलता येतो, बोली बदलणे कठीण जाते. मूकपटात ही खूण नाहीशी होते. योझेफ कसा बोलतो हे प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याचा खरा वर्ग प्रकट होतो तो देहबोलीतून, विशेषतः मेजवानीच्या अन्नावर तो ज्या अधीरतेने तुटून पडतो त्यातून. मात्र ओस्सीच्या लेखी ही खूण निरर्थक आहे. तिला हवे आहे ते नाव, आणि ते कार्डावर छापलेले आहे. ‘शाकुंतला’तील मुद्रिका हरवलेल्या व्यक्तीची ओळख पटवते, हे कार्ड व्यक्तीला अनावश्यक ठरवते.

नाव आणि व्यक्ती यांची ही फारकत केवळ विनोदापुरती नव्हती. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीतील राजेशाही संपली. चित्रपट जून १९१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील वायमार संविधानाच्या १०९ व्या कलमाने जन्माधिष्ठित विशेषाधिकार रद्द ठरवले आणि सरदारी पदव्यांना केवळ नावाचा भाग म्हणून मान्यता दिली. कायद्याने पुढे जे मांडले ते लुबिच यांनी आधीच हास्यास रूप देऊन दाखवले होते. पदवी सत्ता गमावते तेव्हा तिची बाजारातील किंमत उरते, आणि ती क्वेकरसारखा माणूसच मोजू शकतो.

तथापि या चित्रपटाला समतेचा पुरस्कर्ता म्हणणे घाईचे होईल. योझेफला शिक्षा होत नाही, हे मोलिएरपासूनचे अंतर खरे. पण त्याला मिळते ते एक पोटभर जेवण. प्रेम आणि संपत्ती नावाच्या मूळ धन्याकडेच जातात. क्वेकरच्या वाड्यातील नोकरांचे तांडे तर चेहरा नसलेल्या रचनेसारखे हलतात. दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालू होती. अन्नटंचाई सोसलेल्या बर्लिनकरांसमोर पडद्यावर ही मेजवानी मांडली गेली, हे विसरता कामा नये. त्या प्रेक्षागृहात राजपुत्रापेक्षा योझेफची भूकच अधिक ओळखीची असणार.

सारांश, या चित्रपटात ओळख पटल्याने वर्गव्यवस्था पूर्ववत होत नाही. ती आता कशावर उभी आहे एवढेच उघड होते. जन्माची जागा कागदाने आणि पैशाने घेतली आहे. सेवकाची जागा मात्र तीच राहिली आहे, आणि या सुखात्मिकेच्या हास्यातील अस्वस्थता तेथेच आहे.